उसनें बीं

उसनी आणलेली वस्तु जशीच्या तशी परत करावी, हा व्यवहारांतील जुना दंडक आहे. शेजारच्या घरून आणलेली परात काय किंवा ग्रंथालयांतून आणलेलें पुस्तक काय, काम झालें कीं जागच्या जागीं पोंचतें करावें लागतें. उसन्या बियाण्याला मात्र हा दंडक लागूं पडत नाहीं. पेरलेला दाणा कोणालाच परत करतां येत नाहीं. तो मातींत फुटतो आणि रोपांत नाहींसा होतो. परत करावयाची ती त्याची संतति. आणि ती हातीं येईपर्यंत ऊन, पाऊस, कीड व घरांतील माणसांचा विसराळूपणा ह्या सर्वांतून तीन-चार महिने पार पडावें लागतें. गेल्या कांहीं वर्षांत देशोदेशीं जीं बीज-ग्रंथालयें निघालीं आहेत, त्यांचें सर्व बळ आणि सर्व अडचण ह्या एकाच फरकांत सांठविलेली आहे.

बीं उसनें घेण्याची चाल महाराष्ट्राला नवीन नाहीं. मृगाच्या तोंडीं ज्याच्या कणगींत पेरण्यापुरताही दाणा उरलेला नसे, तो सावकाराकडे जाई आणि सुगीला सवाईनें किंवा दिढीनें फेड करण्याचें कबूल करून बीं आणी. सवाई म्हणजे मणाला सव्वा मण आणि दिढी म्हणजे मणाला दीड मण. पांच महिन्यांच्या मुदतीला सवाई दिली, तर तो दर सालाला शेंकडा ६० पडतो. दिढी दिली, तर शेंकडा १२० होतो. पेरणीलाच अशी सुरुवात झाल्यावर सुगीचा आनंद कितीसा टिकणार! परंतु त्याच गांवांत दुसरीही एक चाल होती. चांगल्या वालाचें किंवा गोड काकडीचें मूठभर बीं शेजारीण शेजारणीला देई. त्याला व्याज नसे आणि कागदही नसे. पुढें एखाद्या सालीं देणारीचें स्वतःचें बीं किडीनें गेलें, तर तेंच बीं तिला त्या दुसऱ्या घरून परत मिळे. बीज-ग्रंथालय हें ह्या दुसऱ्या चालीचें, नोंदवही ठेवून केलेलें रूप आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत रिचमंड नांवाचें शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत २०१० सालीं बियाण्याच्या देवघेवीचा विभाग सुरू झाला, आणि त्या धर्तीवर पुढें इतर अनेक शहरांतून असे विभाग निघाले. ॲरिझोना राज्यांतील पिमा परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांनीं २०१२ पासून हें काम हातीं घेतलें. तेथें बियाण्याच्या पुड्यांची नोंद पुस्तकांप्रमाणेंच सूचींत केलेली असते. पुस्तकांच्या सूचीचीं कार्डें ठेवण्यासाठीं पूर्वीं जीं लाकडी खणांचीं कपाटें असत, तीं संगणक आल्यावर अडगळींत पडलीं होतीं. बऱ्याच ठिकाणीं त्याच खणांत आतां बियांच्या पुड्या मांडलेल्या आढळतात. वाचक खण उघडतो, हवी ती पुडी घेतो, वहींत नांव लिहितो आणि घरीं जाऊन पेरतो. पीक आल्यावर त्यांतील कांहीं झाडें बियाण्यासाठीं राखतो आणि त्यांचें बीं नव्या पुडींत घालून आणून देतो. ह्या व्यवहारांत वर्गणी नसते आणि उशिराबद्दल दंडही नसतो. कारण येथें मुदत ठरविणारा ग्रंथपाल नसून ऋतु असतो.

आतां कोणी विचारील कीं, बाजारांत हव्या त्या भाजीच्या बियांचीं पाकिटें मिळत असतां हा खटाटोप कशाला? बाजाराचा दोष नाहीं. परंतु जें बीं हजारों गिऱ्हाइकांना एकदम विकतां येतें, तेंच दुकानदार ठेवतो. एखाद्या डोंगरी खेड्यांतील जांभळ्या शेंगेचा वाल दहा घरांना आवडतो म्हणून तो पाकिटांत येत नाहीं. तो टिकतो तो त्या दहा घरांच्या फडताळांत. त्या घरांतील तरुण मंडळी शहरांत गेलीं, म्हातारी माणसें थकलीं आणि चार-सहा वर्षें पेरणी राहिली, म्हणजे तो वाण कोणालाही न कळतां संपतो. त्याच्या मृत्यूची बातमी कोठेंच छापून येत नाहीं.

असा एखादा वाण गेला तर एवढें काय बिघडलें, ह्या प्रश्नाचें उत्तर भाताच्या इतिहासांत सांपडतें. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियांतील भातशेतीवर एक विषाणुजन्य रोग पसरला. तुडतुड्यांमार्फत फैलावणाऱ्या ह्या रोगानें रोप खुजें राही, गवताच्या थोंबासारखें दिसे आणि दाणा धरीत नसे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात-संशोधन संस्थेनें आपल्या संग्रहांतील सहा हजारांहून अधिक नमुने ह्या रोगासाठीं तपासले. रोगाला खंबीरपणें तोंड देणारा नमुना एकच निघाला, आणि तो उत्तर प्रदेशांतील एका रानटी भाताचा होता. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें निव्वळ तण! परंतु त्याचा गुण संकरानें लागवडीच्या भातांत उतरविण्यांत आला, आणि १९७६ सालीं प्रसृत झालेला ‘आयआर ३६’ हा वाण त्या बळावर लाखों एकरांत पेरला गेला. कोणता दाणा केव्हां उपयोगी पडेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून आज निरुपयोगी वाटणारा दाणाही राखावा लागतो.

हें राखण्याचें काम सरकारें आणि शास्त्रज्ञ करीत नाहींत असें मुळींच नाहीं. नवी दिल्ली येथें १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पति आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या कोठारांत चार लाखांहून अधिक नमुने शून्याखालीं १८ अंशांच्या थंडींत जतन केलेले आहेत. उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार बेटांवर, बर्फाच्छादित डोंगराच्या पोटांत, नॉर्वे सरकारनें २००८ सालीं साऱ्या जगासाठीं बियाण्याची तिजोरी उघडली. ह्या कामासाठीं माणसांनीं प्राणही दिले आहेत. १९४१ च्या सप्टेंबरपासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत जर्मन सैन्यानें लेनिनग्राड शहराला वेढा घातला होता. निकोलाय वाव्हिलोव्ह ह्या महान् शास्त्रज्ञानें देशोदेशीं हिंडून जमविलेलें बियाणें त्या शहरांतील संस्थेंत होतें. वाव्हिलोव्ह स्वतः स्टालिनच्या राजवटीच्या कैदेंत होते; १९४३ सालीं सारातोव्हच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. इकडे त्यांचे सहकारी धान्याच्या पिशव्यांमध्यें बसून उपाशी राहिले. भाताच्या संग्रहाचे रक्षक दिमित्री इवानोव्ह भुकेनें मेले, पण त्यांच्या ताब्यांतील भाताला त्यांनीं हात लावला नाहीं.

एवढ्या थोर कामापुढें ग्रंथालयांतील चार खणांची मातब्बरी ती काय, असें वाटणें साहजिक आहे. परंतु दोन्हींचीं कामें भिन्न आहेत. थंड कोठारांतील दाणा निद्रिस्त असतो. तोही कायमचा टिकत नाहीं. कांहीं वर्षांनीं त्याची उगवण तपासून, ती घटली असल्यास तो पुन्हा शेतांत काढून पेरावाच लागतो. शिवाय तो ज्या दिवशीं कोठारांत गेला, त्या दिवशींचाच राहतो. बाहेर पाऊसकाळ बदलतो, नवे रोग येतात, जमीन बदलते. त्या बदलांची त्याला ओळख नसते. जो वाण दर सालीं मातींत जातो आणि ज्याच्या उत्तम झाडांचें बीं निवडून ठेवलें जातें, तो हळूहळू त्या बदलांशीं जुळवून घेतो. तो केव्हां पेरावा, कोणत्या जमिनींत साधतो आणि त्याची भाजी कशी करावी, हें ज्ञानही पेरणाऱ्या घरांतच जिवंत असतें. कोठार हें मूळ प्रत जपणारें दप्तर आहे. बीज-ग्रंथालय ही वाचकांची रहदारी आहे. समाजाला दोन्हींची गरज आहे.

महाराष्ट्रांत ह्या कामाचें उत्तम उदाहरण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत आहे. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें हें डोंगराळ मुलखांतील आदिवासी वस्तीचें गांव. तेथील श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे ह्यांना शाळेचें शिक्षण मिळालें नाहीं. परंतु वाल, घेवडे, भात, नाचणी आणि रानभाज्या ह्यांचे घरोघर विखुरलेले गांवठी वाण त्यांनीं जमविण्यास सुरुवात केली, आणि ‘बाएफ’ ह्या संस्थेच्या साहाय्यानें त्यांच्या घराची बीज-बँक झाली. बीं न्यावयाचें आणि पीक आल्यावर नेलें त्याच्या दुप्पट परत आणावयाचें, असा तेथील रिवाज आहे. वरवर पहातां हा रिवाज सावकाराच्या दिढीपेक्षांही जड वाटेल. पण वालाच्या एका दाण्यापासून अनेक शेंगा येतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दुपटीचा भार वाटत नाहीं. आणि जास्तीचा वाटा सावकाराच्या कोठींत न जातां पुढच्या सालीं दुसऱ्या शेतकऱ्याच्या पदरांत पडतो. फरक आहे तो येथें. ‘बीजमाता’ ह्या नांवानें त्या आज ओळखल्या जातात, आणि २०२० सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री जाहीर केली.

शहरांतील कुटुंबांना शेत नसतें. परंतु गच्ची, सज्जा किंवा अंगणाचा तुकडा बहुधा असतो. तेवढ्यांतही हें काम करतां येतें. मात्र त्याची थोडी विद्या अगोदर जाणली पाहिजे. पहिली गोष्ट फुलाची. वाल, घेवडा, चवळी, वाटाणा आणि टोमॅटो ह्यांच्या फुलांतील पराग बहुधा त्याच फुलाच्या कामीं येतो. त्यामुळें जवळ दुसरा वाण असला, तरी संतति बहुतेक आईच्या वळणावर जाते. नवशिक्यानें ह्याच पिकांपासून आरंभ करावा. वांगीं, मिरची व भेंडी ह्यांत किडे-मधमाश्यांच्या येण्याजाण्यानें कांहीं भेसळ होतें असें समजून, दोन वाण शेजारीं लावूं नयेत. काकडी, दोडका, भोपळा, मुळा, कांदा ह्यांचा पराग मधमाश्या दूरवर नेतात, आणि मका व बाजरी ह्यांचा वारा नेतो. पांढऱ्या मक्याशेजारीं पिवळा मका असला, तर त्याच सालच्या पांढऱ्या कणसांत पिवळे दाणे दिसतात, म्हणून भेसळ लगेच कळते. भोपळ्याची भेसळ मात्र त्या सालीं मुळींच दिसत नाहीं. फळ आईसारखेंच असतें आणि फसगत पुढच्या सालच्या वेलावर उघडकीस येते. उसनें बीं परत करणारा येथेंच नकळत चुकतो. भोपळ्याचें बीं धरावयाचें असल्यास दुसऱ्या दिवशीं उमलणारी मादी-कळी आणि नर-कळी आदल्या सायंकाळीं दोऱ्यानें बांधून ठेवावी, सकाळीं नर-फुलाचा पराग हातानें मादी-फुलांत लावावा, आणि तें फूल पुन्हा बांधून खुणेची चिंधी अडकवावी.

दुसरी गोष्ट वाणाची. ‘संकरित’ असें छापलेल्या पाकिटांतील बीं पहिल्या पिढींत एकसारखें आणि जोमदार येतें. पण त्या पिकाचें बीं धरून पेरल्यास रोपें एकमेकांसारखीं निघत नाहींत. असें बीं ग्रंथालयांत परत करणें म्हणजे एका पुस्तकाच्या बांधणींत दुसऱ्या पुस्तकाचीं पानें घालून देण्यासारखें आहे. सरळ वाणाचेंच बीं घ्यावें व द्यावें.

तिसरी गोष्ट निवडीची. पुष्कळ घरांत असें होतें कीं, पहिल्या बहराच्या भरदार शेंगा भाजींत जातात आणि शेवटीं उरलेल्या किडक्या, आखूड शेंगा बियाण्यासाठीं राहतात. असें चार वर्षें चाललें, म्हणजे उत्तम वाणही उतरतो. आणि मग दोष बियाण्याला दिला जातो. वास्तविक निरोगी, भरपूर धरलेलीं झाडें आरंभींच हेरून त्यांना खूण बांधावी व त्यांचें फळ खाण्यासाठीं तोडूं नये. एकाच झाडाचें बीं न घेतां अनेक झाडांचें मिसळून घ्यावें. पानें आकसलेल्या किंवा चट्टे पडलेल्या रोगट झाडाचें बीं कितीही आवडतें असलें तरी कोणाला देऊं नये. बियाण्याबरोबर कांहीं रोगही उसने जातात.

शेंगा वेलावरच वाळूं द्याव्या. हलविल्यावर आंत दाणे खुळखुळले म्हणजे काढाव्या. वांगें भाजीच्या वेळेच्या बरेंच पुढें, पिवळें पडेपर्यंत झाडावर राखावें लागतें. टोमॅटोचा गर बियांसह थोड्या पाण्यांत दोन-तीन दिवस आंबूं द्यावा, म्हणजे बियांवरील बुळबुळीत आवरण सुटतें. मग धुऊन त्या सावलींत वाळवाव्या. वालाचा दाणा दातानें दाबल्यास खूण उमटली, तर तो ओला आहे असें समजावें. तो कडकन् फुटला पाहिजे. बीं घट्ट झांकणाच्या बाटलींत, थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावें. भुंगा लागूं नये म्हणून चाळलेल्या कोरड्या राखेंत दाणे ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. कांद्याचें बीं एक-दोन वर्षांतच निःसत्त्व होतें, टोमॅटोचें त्याहून बरेंच अधिक टिकतें. म्हणून पुडीवर साल घातल्यावांचून ती ठेवूं नये. परत देण्यापूर्वीं शंभर दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून आठवडाभर पहावे. ऐंशींना मोड आले तर उगवण शेंकडा ८० झाली. हा आंकडा पुडीवर लिहिला, म्हणजे घेणाऱ्याची फसगत होत नाहीं.

आणखी दोन गोष्टी केवळ बागेच्या नाहींत, व्यवहाराच्या आहेत. पहिली कायद्याची. २०१४ सालीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया राज्यांतील मेकॅनिक्सबर्ग येथील ग्रंथालयानें असा विभाग उघडला, तेव्हां बियाण्याच्या विक्रीसाठीं केलेल्या कायद्याचे उगवणीच्या व शुद्धतेच्या तपासणीचे नियम ह्या फुकट देवघेवीलाही लागूं आहेत, असें तेथील कृषिखात्यानें कळविलें. मुठीएवढ्या पुड्यांची अशी तपासणी कोणत्या ग्रंथालयाला परवडणार? त्यावरून मोठा वाद झाला, आणि कॅलिफोर्निया राज्यानें २०१६ सालीं कायदा करून विनामूल्य देवघेवीला ह्या जाचांतून मोकळें केलें. भारतांत वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क ह्यांच्या संरक्षणाचा कायदा २००१ सालीं झाला. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणें शेतकऱ्याला आपल्या शेतांतील बीं राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचें बीं छापाच्या नांवानें मात्र त्याला विकतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट श्रेयाची. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड ह्या खेड्याचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे ह्यांना १९८० नंतरच्या काळांत आपल्या भातांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचें बीं त्यांनीं वर्षानुवर्षें वेगळें पेरलें आणि बारीक तांदळाचा एक उत्तम वाण सिद्ध केला. त्यांनीं तो मागेल त्याला दिला. पुढें तो बाजारांत, त्या वेळच्या एका लोकप्रिय मनगटी घड्याळाचें नांव धारण करून, ‘एचएमटी’ म्हणून प्रसिद्ध झाला व दूरदूरच्या शेतांत पोंचला. पण त्यापासून व्यापाऱ्यांना जी कमाई झाली, तिच्या मानानें दादाजींच्या हातीं फारसें कांहीं आलें नाहीं. त्यांना पुरस्कार मिळाले, परंतु हलाखी सुटली नाहीं. २०१८ सालीं ते वारले. ह्यावरून बीं देऊंच नये, असा बोध कोणी घेईल तर तो खरा नव्हे. बीं द्यावें, पण तें निनांवी देऊं नये. पुडीवर वाणाच्या नांवाखालीं तो कोणाच्या घरून, कोणत्या गांवाहून आला, हें लिहिण्याचा नियम बीज-ग्रंथालयें पाळतात तो एवढ्यासाठींच. नोंदवही हें तेथें अविश्वासाचें चिन्ह नसून कृतज्ञतेचें साधन आहे.

शेवटीं ह्या संस्थांचा खरा दुबळेपणाही सांगितला पाहिजे. बीं नेणारे पुष्कळ असतात, आणून देणारे थोडे. कोणी पेरावयास विसरतो, कोणाचीं रोपें उन्हानें जातात, कोणी सगळ्या शेंगा खाऊन टाकतो. त्यांत लबाडी क्वचितच असते. परंतु खण रिकामा होतो तो होतोच, आणि मग ग्रंथालय दुसऱ्याच्या देणगीवर किंवा विकत घेतलेल्या पाकिटांवर चालूं लागतें. ह्याला उपाय मोठ्या भांडवलाचा नाहीं. आरंभीं शंभर वाण गोळा न करतां पांच-सहाच सोपे वाण घ्यावे. प्रत्येक वाण निदान तीन घरांनीं वांटून घ्यावा, म्हणजे एकाचें गेलें तरी दुसऱ्याचें उरतें. आणि बीं नेणाऱ्याला पुडीबरोबरच दुसरी, कोरी पुडी द्यावी. जेथें एखादें वाचनालय, शाळा किंवा गृहसंस्था आहे, तेथें हें सर्व एका फडताळांत मावतें. शहरांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचें गांवीं अजून एखादें घर असतें, आणि तेथें कोणा वृद्धेच्या जवळ राखेंत ठेवलेला गांवठी वाल किंवा तांबडा घेवडा असतो. पुढच्या खेपेस तेथें जाण्याचा योग येईल तेव्हां त्याचें मूठभर बीं मागून आणावें, त्याचें नांव व पेरण्याचा काळ विचारून लिहून घ्यावा, आणि मृगाचा पाऊस झाल्यावर पांच-सहा दाणे कुंडींत टोंचावे. मार्गशीर्ष-पौषांत शेंगा वाळल्या, म्हणजे एक वांटा आपल्या घरीं, एक शेजारीं आणि एक ज्या घरून बीं आलें त्या घरीं पाठवावा. उसनें बीं फेडण्याची रीत ती हीच.